ताटाच्या कडेवर लिहिणारं बोट

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर जिल्हा न्यायालयात स्टेनो, म्हणजे लघुलेखक, होते. ३४ वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी ५८व्या वर्षी रिटायर झाले. नोकरीत असताना घरी फार बोलत नसत. मी म्हणायचे, दमून येतात, रिटायर झाले की बोलतील. आता तर सगळंच बंद झालंय. 'हं', 'बघू', 'ठेव तिथे', एवढंच. जेवताना मी, मुलगा, सून बोलत असतो आणि ह्यांचं उष्टं बोट ताटाच्या कडेवर सारखं फिरत असतं. सुनेला वाटतं, कंपवात असावा. टीव्हीवर कोर्टाचा सीन लागला की उठून गॅलरीत जातात. रात्री दोन-तीनला जागे असतात.

खरं भांडण नातीवरून झालं. ती सात वर्षांची आहे. समोरच्या ब्लॉकमधले काका आमच्या घरचेच म्हणावेत इतके जुने. दिवाळीत त्यांनी नातीला खाऊ द्यायला हाक मारली, तर ह्यांनी दारातच तिचा हात धरून मागे ओढलं आणि त्यांना म्हणाले, "तिला एकटीला बोलवायचं नाही." सगळ्या मजल्यानं ऐकलं. मुलगा म्हणतो, बाबांचं डोकं फिरलंय.

त्यात माळ्यावरची ट्रंक. शॉर्टहँडच्या, म्हणजे लघुलिपीच्या, वह्यांनी भरलेली. मुलानं रद्दीवाल्याला बोलावलं तर हे दोन तास ट्रंकेवर बसून राहिले. माझ्या भावाच्या ओळखीचे टायपिंग इन्स्टिट्यूटचे एक सर आहेत, त्यांना शॉर्टहँड वाचता येतं. दोन-तीन वह्या गुपचूप त्यांच्याकडे नेऊ का? ३३ वर्षांच्या संसारात ह्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, मला अजून ठाऊक नाही.

– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

वह्या त्या सरांकडे नेऊ नका. बाकीचं सविस्तर लिहिते, पण हे आधी सांगते, कारण पत्र वाचताना वाटलं की तुम्ही पिशवीसुद्धा काढून ठेवली असेल.

मी २२ वर्षं कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते. माझ्या खोलीच्या शेजारी स्टेनोंची खोली होती. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. तुमच्या यजमानांना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचा दिवस कसा जात असेल ते मला चांगलं ठाऊक आहे.

आधी त्या बोटाचं बघू. कंपवाताची थरथर बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना येते, एका लयीत, अंगठा आणि बोट मिळून गोळी वळत असावीत तशी. समोर कुणी बोलतंय की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. तुम्ही लिहिलंय की तुम्ही बोलत असता तेव्हा बोट फिरतं. तर चार दिवस एवढंच बघा, सगळे गप्प झाले की ते थांबतं का? थांबत नसेल, चालताना हात अंगाला चिकटून राहत असेल, सही पूर्वीपेक्षा बारीक होत चालली असेल, तर वेळ न घालवता न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जा. थांबत असेल, तर ते शॉर्टहँडमध्ये लिहिताहेत.

आमच्याकडचे एक स्टेनो होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. मंगलाष्टकं चालू होती आणि त्यांचं बोट धोतरावर, गुडघ्याशी, भराभर चाललेलं. नंतर मी विचारलं तर ते दचकले. त्यांना पत्ताच नव्हता.

आयझॅक पिटमननं १८३७ साली शॉर्टहँडची ही पद्धत काढली, आणि तिची खुबी अशी की तिच्यात अक्षरं नसतात, आवाज असतात. 'प'ला एक बारीक तिरकी रेघ, तीच दाबून काढली की 'ब'. 'म' म्हणजे आडवी कमान. स्वरांना बाजूला ठिपके आणि छोट्या रेघा, आणि वेग वाढला की तेही गाळायचे. मिनिटाला १०० शब्द घ्यायचे तर डोकं मध्ये आणून चालत नाही. कानावर शब्द पडला की हात हलला पाहिजे. विशी-बाविशीत इन्स्टिट्यूटच्या बाकावर हे अंगात मुरवलेलं असतं, आणि रिटायरमेंटच्या आदेशानं ते अंगातून निघत नाही. तुम्हाला वाटतं ते ऐकत नाहीत. मला वाटतं, तुम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललात तेही ताटाच्या कडेवर उतरलंय, वरणाच्या बोटानं.

आता ते बोलत का नाहीत, याबद्दल. कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. आपल्याकडे ती सहसा प्रश्न आणि उत्तर अशी लिहीत नाहीत. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, न्यायाधीश त्याचं वाक्य बांधून देतात आणि स्टेनो ते उतरवतो. ते सगळं साक्षीदाराच्याच तोंडचं म्हणून लिहायचं, म्हणजे 'मी'नं. 'मी वरील ठिकाणी राहते. आरोपी माझा दीर आहे.' सरतपास, म्हणजे स्वतःच्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, संपून विरुद्ध वकिलाचा उलटतपास सुरू झाला की वाक्याचा घाट बदलतो, 'हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीला त्रास देण्यासाठी खोटी साक्ष देत आहे.' हे वाक्य तुमच्या यजमानांनी किती हजार वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आणि लिहिलेल्या त्या सगळ्या 'मी'तला एकही त्यांचा नव्हता. घरी येऊन 'मला असं वाटतं' असं वाक्य सुरू करायला माणसाला सवय लागते, ताई. ती त्यांना लागलीच नाही.

साक्षीदार बाई रडायला लागली की स्टेनोचा हात थांबतो. साक्षीदाराच्या वागण्याची नोंद करायची मुभा कायद्यानं न्यायाधीशांना दिलेली आहे, पण रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, पन्नास प्रकरणं असताना ती नोंद क्वचित होते. बाई पाणी पिते, डोळे पुसते, पुढचं वाक्य सुरू होतं. कागदावर ही दोन वाक्यं एकाखाली एक येतात आणि मधली पाच मिनिटं फक्त त्या खोलीत बसलेल्यांना माहीत असतात.

मग हे घरी का सांगितलं नाही? सांगायची सोयच नव्हती. निकाल जाहीर होण्याआधी स्टेनोच्या वहीत असतो. न्यायाधीश चेंबरमध्ये डिक्टेशन देतात, स्टेनो घेतो, आणि उद्या कोण सुटणार आणि कोण आत जाणार हे आरोपीच्या आईच्या आधी त्याला कळलेलं असतं. मघाशी सांगितलं ते आमचे स्टेनो अशा संध्याकाळी कोर्टामागच्या गल्लीनं घरी जायचे. पुढच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी पक्षकारांची माणसं उभी असायची, चेहऱ्यावरून काही कळतंय का बघायला. म्हणून चेहरा कोरा ठेवायचा. तोच चेहरा घेऊन घरी जेवायला बसायचं. ३४ वर्षं असं केल्यावर तो चेहरा खुंटीला टांगता येत नाही. तुमच्याशी त्यांनी अबोला धरलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. त्यानं तुमचं एकटेपण भरून निघत नाही, हेही मला कळतं.

नातीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. तुमच्या पत्रात 'खाऊ' हा शब्द आहे. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत हा शब्द फार येतो. 'काका' हाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखालचे खटले बंद दाराआड चालतात. बघे बाहेर, इतर वकील बाहेर, मुलाला आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था. आत राहतात न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, मुलाच्या विश्वासाचं एखादं माणूस आणि स्टेनो. सहा-सात वर्षांची मुलगी तुटक तुटक सांगते आणि समोर बसलेल्या माणसाला ते जसंच्या तसं उतरवावं लागतं. अशा बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच निघतो. हे तुम्ही-मी पेपरात वाचतो. तुमच्या यजमानांनी ते टाइप केलंय. दिवाळीत समोरच्या दारातून 'ये, खाऊ देतो' अशी हाक आली तेव्हा त्यांच्या कानानं काय ऐकलं असेल, याचा विचार तुमच्या मुलानं एकदा करावा, मगच वडिलांचं डोकं फिरलं म्हणावं.

एक गोष्ट मात्र टाळू नका. मुलानं वडिलांना एकटं गाठून शांतपणे विचारायचं, "बाबा, तुम्ही काही पाहिलंत का?" फक्त एवढंच. काही पाहिलं असेल, अगदी बारीकसंही, तर शेजारधर्म बाजूला ठेवायचा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि पोक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळूनही न कळवणं हा गुन्हा ठरवला आहे. काही पाहिलं नसेल, नुसती भीती असेल, तर नियम सगळ्यांना सारखा लावा. नात कुणाच्याच घरी एकटी जाणार नाही, समोरच्या काकांकडे नाही आणि तुमच्या भावाकडेही नाही. जाईल तेव्हा मोठं माणूस बरोबर, आणि दार उघडं. सुनेनं तिला स्वतःच्या शरीराबद्दल, कुणाला 'नाही' म्हणायचं आणि कुणाला येऊन सांगायचं याबद्दल, खेळीमेळीनं बोलावं. मग मुलानं समोरच्या काकांकडे जाऊन सांगावं की बाबांची बोलण्याची रीत चुकली, त्याबद्दल माफी, पण आमच्या घरचा नियम हाच आहे. समंजस माणूस हे ऐकून घेतो. आणि हे सगळं ठरवताना तुमच्या यजमानांना खुर्ची द्या. त्यांना जे माहीत आहे ते त्या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

रात्रीचं जागणं, कोर्टाचा सीन लागला की उठून जाणं, नातीसाठीचा हा धसका, हे सगळं एकत्र धरलं तर मला वाटतं त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला भेटावं. मी निदान करत नाही, माझा तो अधिकार नाही. पण दुसऱ्यांवर गुदरलेलं रोज ऐकूनही माणूस आजारी पडतो, हे आता वैद्यकशास्त्र मानतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या आपल्या निदान-पुस्तिकेत तसं नमूद केलंय की कामाचा भाग म्हणून भयंकर तपशिलांशी वारंवार गाठ पडणाऱ्यालाही आघातानंतरचा तणावविकार होऊ शकतो. तिथे उदाहरण पोलिसांचं आहे. स्टेनोची आठवण कुणी काढत नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. न्यायाधीशांची बदली होते, वकील फी घेऊन पुढच्या खटल्याला लागतो. स्टेनो त्याच गावात, त्याच खुर्चीवर. डॉक्टरकडे जायला ते तयार नसतील तर आधी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतं. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

त्यांच्याशी हे बोलायचं कसं? प्रश्न विचारू नका. 'तुम्ही बोलत का नाही', 'तुमच्या मनात काय आहे' हे तुम्ही प्रेमानं विचाराल, पण त्यांच्या कानाला प्रश्न म्हणजे उलटतपास. लिहून द्या. कागदावर आलेली गोष्ट ते गंभीरपणे घेतील, आयुष्यभर तेच केलंय त्यांनी. मोठं पत्र नको. तुमच्या हस्ताक्षरात चार ओळी, साधारण अशा: 'तुम्ही आमचं सगळं ऐकता, हे मला आता कळलं. रात्री तुम्हाला झोप नसते, हे मला दिसतं. त्या कामात तुम्ही काय काय ऐकलंत ते मला सांगू नका, पण डॉक्टरला सांगा, मी बरोबर येते. आणि मला तुमच्या आवाजाची आठवण येते.' शेवटची ओळ गाळू नका. कागद चहाच्या कपाखाली ठेवा आणि उत्तर मागू नका. ३३ वर्षं एकटीनं बोलून तुम्ही दमला आहात, हेही त्यांना कधीतरी कळायला हवं. पण ते मुला-सुनेसमोर नको, जेवणाच्या टेबलावर नको. संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा, शेजारी शेजारी चालताना सांगा.

आता वह्या. त्या सरांना त्या नीट वाचताच येणार नाहीत. पिटमन सगळे एकच शिकतात, पण वर्षानुवर्षं लिहिता लिहिता प्रत्येकजण आपल्या खुणा तयार करतो, आणि स्वर गाळलेले असल्यानं संदर्भ माहीत नसेल तर 'पत', 'पती' आणि 'पत्ता' यांचा सांगाडा जवळजवळ एकच. ते सर एखादा शब्द अंदाजानं वाचतील आणि तुम्ही तो अंदाज आयुष्यभर उराशी धरून बसाल. संसार मोडायला आलेली माणसं मी रोज बघायची. चोरून वाचलेल्या अर्ध्या वाक्यानं झालेलं नुकसान मी पाहिलंय, आणि ते पुरं वाक्य समोर आल्यावरही भरून आलं नाही.

शिवाय त्या वह्यांत काय आहे ते आपल्याला माहीत नाही. घरची टिपणं असतील, सरावाच्या वह्या असतील, किंवा ऑफिसचं काही नजरचुकीनं घरी आलेलं असेल. तसं असेल तर त्यात अशा मुलींची नावं असू शकतात ज्यांची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे. म्हणून रद्दीवाला तर अजिबात नको. शॉर्टहँड कुणाला वाचता येतंय म्हणाल, तर तुम्हीच एक सर शोधून काढलेत. मला वाटतं, ते दोन तास ट्रंकेवर बसून राहिले ते याच काळजीनं. तेव्हा ट्रंक माळ्यावरून खाली काढून द्या, कुलूप आणि किल्ली त्यांच्या हातात द्या आणि वह्या त्यांनाच निवडू द्या. ऑफिसच्या निघाल्या तर त्यांचं काय करायचं ते त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयाला विचारून ठरवावं. बाकीच्या त्यांच्या. मुलाला सांगा, जागा अडते म्हणून बापाच्या वह्या विकायच्या नसतात.

आणि तुम्हाला जे हवं आहे, ते मागायचा एक रस्ता आहे. साक्ष लिहून झाली म्हणजे काम संपत नाही. ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते, त्यानं 'बरोबर आहे' म्हटलं की मग सही. म्हणजे ज्याचे शब्द आहेत त्याला ते वाचून दाखवायचे, हे तुमच्या यजमानांच्या हाडात आहे. निवडानिवड झाल्यावर, आठवड्यानं, महिन्यानं, त्यांच्या सोयीनं, एवढंच म्हणा, "यातलं एक पान मला वाचून दाखवा. तुम्हाला हवं ते." किराणाची यादी निघाली तरी ऐका. तुमच्या बाळंतपणाच्या वेळची असेल कदाचित.

वेळ कसा जाईल याची काळजी मला कमी वाटते. मुलगा परत कोर्टात कंत्राटी कामाचं सुचवेल, ते तूर्त नको. पण शॉर्टहँड शिकवणारे आता थोडे उरलेत आणि शिकणारी मुलं अजून आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात निघाली, त्यात लघुलेखकांची ५६८ होती. एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी तासभर डिक्टेशन द्यायला बसले तर मुलांचं भलं होईल, आणि त्यांनाही बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांनी लिहून घ्यावं असं मोठ्यानं बोलता येईल.

सुरुवात मात्र नातीपासून करा, आणि शक्यतो याच रविवारी. त्या दिवाळीनंतर आजोबा तिला नुसते हात ओढणारे म्हणून आठवू नयेत. एक कोरी वही आणि शिसपेन्सिल घेऊन तिला त्यांच्याकडे पाठवा, पेनापेक्षा पेन्सिल बरी, बारीक आणि दाबलेली रेघ नीट उमटते. तिनं एवढंच विचारायचं, "आजोबा, तुमच्या भाषेत माझं नाव कसं लिहायचं?" तुम्ही स्वयंपाकघरात राहा, मध्ये जाऊ नका. तिचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत ते बरंच केलंत, पण वहीत त्याची आकृती कशी निघाली, कमान की तिरकी रेघ, आणि त्यांनी ती समजावून सांगताना किती वाक्यं बोलली, ते मला जरूर कळवा.

– तुमची ताई